आठव्या गाण्यातला ठोका

"नसीमा, सक्शन!"

मी दुसऱ्यांदा ओरडले तेव्हा कुठे तिने लाळ ओढायची नळी पेशंटच्या तोंडात धरली, तीही गालाला चिकटवून. खुर्चीत मलकापूरचे एक निवृत्त गुरुजी होते. त्यांची दाढ निम्मी बाहेर, निम्मी आत. मी मान वळवून बघितलं, तर नसीमाच्या मास्कवरचे डोळे डबडबलेले आणि एका कानात इयरफोन.

दाढ निघाली. गुरुजी कापूस चावत घरी गेले आणि मी तिच्याकडे वळले.

"कामाच्या वेळी गाणी ऐकायची नाहीत, हे पहिल्या दिवशी सांगितलं होतं ना?"

"सॉरी मॅडम. शेवटचंच राहिलं होतं."

"रडत होतीस. कसली गाणी आहेत?"

"रॉक आहे. मराठीत."

"मराठी रॉक ऐकून लोक रडतात? माझे तर कान दुखतात."

एरवी ती हसली असती. त्या दिवशी हसली नाही. "मॅडम, तुम्ही एकदा ऐकाच. माझी नानी वर्षभर गाण्यातल्या आईसारखीच अंथरुणाला खिळून होती. अम्मी सगळं करायची. आमच्या घरात जे कुणी तोंडातून काढलं नाही, ते या माणसाने सरळ म्हणून टाकलंय."

ही गोष्ट नऊ वर्षांपूर्वीची, कराडची. नसीमा माझ्या दवाखान्यात लागून तेव्हा जेमतेम सहा महिने झाले होते. खाली दवाखाना, वर घर. वरच्या घरात आधी आई आणि मी असायचो, मग मी एकटीच राहिले. आई गेल्यानंतर ही मुलगी आली, त्यामुळे तिने आईला पाहिलेलं नव्हतं.

दुपारी दवाखाना बंद झाल्यावर तिने मला अल्बम पाठवला. नाव होतं 'दर दोन तासांनी'. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते. नाहीतर पाठ फुटते. ज्याने हे केलेलं नाही त्याला हे तीन शब्द सुचणार नाहीत, असं मला वाटलं. ताट बाजूला सारून मी इयरफोन घातले.

आधी गिटार वाजली. पत्र्याचं शेड कुणीतरी खिळ्याने खरवडावं तशी. मग एक पुरुष गायला लागला. गायला म्हणजे काय, सूर सोडून बोलायला लागला. दोन ओळींत मी तो आवाज ओळखला. तो शंतनू होता, माझा सख्खा धाकटा भाऊ. पुण्यात बँड काढलाय, एवढं मला ठाऊक होतं. बँडचं नाव विचारायची गरज मला कधी वाटली नव्हती.

"फिरवतो तुला भिंतीकडे," शंतनू म्हणत होता, "पाठीत तुझ्या वाटीएवढं भोक, मी त्यात कापूस भरतो, आणि भूक लागते मला."

मी ताटाकडे बघितलं आणि उठून बेसिनशी गेले.

मला किळस येत नाही, अशी माझी ख्याती आहे. लोकांची कुजलेली मुळं, पू, तंबाखूने काळी पडलेली तोंडं यांत माझा दिवस जातो. पण त्या दुपारी मी अक्षरशः ओकले. कापूस मी भरला होता. भूक मला लागली होती. पाठीत वाटीएवढी जखम झालेल्या आईचं ड्रेसिंग करून मी डाव्या हाताने पंखा लावला होता आणि पिठलं-भात खाल्ला होता. आणि हा, चौदा महिन्यांत चार वेळा आलेला, आला की दारातच उभा राहून "आई, कशी आहेस?" विचारणारा, नाकाला रुमाल लावायची लाज वाटते म्हणून सतत मिशी चोळणारा माणूस ते सगळं 'मी, मी' करून गात होता.

आईला झटका आला तेव्हा तिची उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. डावा हात तेवढा राहिला. त्या हातात तिची पाटली होती, वडील गेल्यावरही तिने न काढलेली. काही हवं असलं की ती पाटली खाटेच्या लोखंडी दांडीवर आपटायची. टक्-टक्, जरा थांबून टक्. पाणी हवं असलं तर टक्-टक्-टक्. ओलं झालं तर टक्-टक्-टक्. कधी काहीच नको असायचं, तरी टक्-टक्-टक्. सकाळ-संध्याकाळ दवाखान्याच्या वेळेत तिला बघायला ठेवलेल्या सुमनबाई असायच्या. दुपार आणि रात्र माझी. तो आवाज माझ्या डोक्यात बसला होता. खाली रूट कॅनल करतानासुद्धा मला तो ऐकू यायचा, वाजत नसला तरी. शेवटच्या दोन महिन्यांत तिचा तोही हात गळाला आणि ठोके थांबले. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं होतं.

या सगळ्यात मी बोलायची फक्त शंतनूशी. म्हणजे फोनवर आवाज रेकॉर्ड करून त्याला पाठवायची. रोज दुपारी, वर घराचं दार उघडं ठेवून, जिन्याच्या पायरीवर बसून. पाच मिनिटं, कधी दहा. जे कुणाशी बोलता येत नाही ते सगळं. प्रत्येक मेसेजखाली त्याचा एक लाल बदाम यायचा, पत्त्यांत असतो तसा. शब्द कधीच नाही, फक्त बदाम. मला तेवढा पुरायचा. कुणीतरी ऐकतंय एवढंच मला हवं होतं.

मी तिसऱ्या गाण्यापर्यंत पोचले. त्याचं नाव 'किळस'. "मला तुझी किळस येते आई, हात धुतो, परत धुतो, तुझा वास माझ्या भातात येतो." हे वाक्य, भातासकट, माझं होतं. जिन्यात बसून, रडून, नाक पुसून बोललेलं. पुढचं ऐकवेना. खाली लोकांनी काय काय लिहिलं होतं ते वाचलं. 'केवढं धाडस.' 'असा मुलगा प्रत्येक आईला मिळो.' एका बाईंनी लिहिलं होतं, 'तुमचे हात डोक्यावर ठेवावेसे वाटतात.'

ते हात! मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणाऱ्याचे हात.

पाच वाजता नसीमा परत आली. "ऐकलं, मॅडम?"

"माझ्या भावाची गाणी आहेत ती."

तिचा चेहरा एकदम उजळला. "खरंच? म्हणजे दादांनी केलं आजींचं सगळं? मला वाटलं होतं, तुम्ही..."

"मी काय?"

"काही नाही मॅडम. पुरुषमाणूस असून एवढं केलं, म्हणून म्हटलं."

दुसऱ्या दिवशी दवाखाना बंद ठेवून मी सकाळच्या एसटीने पुण्याला निघाले. सगळ्या वाटेवर मी एकच वाक्य घासून घासून धारदार करत होते. ते चौदा महिने माझे होते, तुझ्या बापाचेही नव्हते. बाप एकच असल्यामुळे वाक्य जरा गडबडत होतं, पण राग आला की माझं असंच होतं. मला त्याच्याकडून एकच गोष्ट हवी होती. हे शब्द माझे आहेत, हे काम मी केलं, असं त्याने सगळ्यांदेखत लिहावं. नाहीतर अल्बम काढून टाकावा.

त्यांच्या सरावाची खोली एका बंगल्याच्या तळघरात होती. मी शिरले तेव्हा तो एकटाच होता, वायरी गुंडाळत. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून भिंतींना चहूबाजूंनी जुनी पांघरुणं ठोकलेली. दारासमोरच्या भिंतीवर आईची गोधडी होती. जांभळ्या नऊवारीचे तुकडे जोडून तिने स्वतः शिवलेली. तेराव्याला "आठवण म्हणून नेतो" म्हणाला होता. चारी कोपऱ्यांत खिळे.

"ताई! तू? कळवलं असतंस तर..."

"तर काय, गोधडी उतरवून ठेवली असतीस?"

त्याने गोधडीकडे बघितलं, जणू ती तिथे असते हे विसरलाच होता. "तिच्याइतका आवाज दुसरं काहीच शोषत नाही," तो म्हणाला, आणि आपण काय बोललो ते कळून परत वायरी गुंडाळायला लागला.

"शंतनू, आईच्या पाठीत तू कधी कापूस भरलास?"

"नाही."

"तिचं ओलं कधी बदललंस? एकदा तरी?"

"नाही, ताई."

"मग तुला किळस कशाची आली? वास कुठून आला तुझ्या भातात? आयत्या बिळावर नागोबा ऐकला होता. आयत्या गुवावर बसलेला पहिल्यांदा बघतेय."

तो खाली बसला, वायरींच्या ढिगातच. माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुला खरं सांगू? मी तेव्हा तुझे मेसेज ऐकलेच नाहीत."

"म्हणजे?"

"पहिले चार-पाच ऐकले. मग गिटार हातात घेतली तरी वाजवता यायचं नाही. नंतर तुझा मेसेज आला की नुसता बदाम टाकायचो. चारशे सोळा मेसेज. तेराव्यानंतर इथे आलो, दार लावलं आणि पहिल्यापासून सगळे ऐकले. तीन दिवस लागले."

चौदा महिने मी त्या जिन्यात बसून भिंतीशी बोलले होते. लाल बदाम लावणाऱ्या भिंतीशी. मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली, पण त्याला हात लावायचीसुद्धा शिसारी आली.

"मग मी ती वाक्यं मोठ्याने म्हणायला लागलो," तो म्हणाला. "केलं तर काहीच नाही. निदान म्हणावं तरी, असं वाटलं."

"म्हणायला काय जातं? आणि लोक तुझे हात डोक्यावर ठेवायला निघालेत. माझं नाव कुठाय त्याच्यात?"

"तुला विचारलं होतं मी."

"कधी?"

"गाणी आली त्या दिवशी. बघ ना फोनमध्ये."

मी फोन काढला. सापडायला वेळ लागला, कारण त्याच्या नावाचं संभाषण यादीत फार खाली गेलं होतं. दीड महिन्यापूर्वीची तारीख. गाण्यांची लिंक आणि खाली त्याने लिहिलेलं: 'ताई, हे सगळं तुझंच आहे. ऐकून घे. चालणार नसेल तर आजच काढतो. चालत असेल तर तुझं नाव घालू का? तू सांगशील तसं.' आणि त्याच्या खाली माझा एक लाल बदाम.

मला आठवत होतं. त्या दिवशी रूट कॅनलचे सहा पेशंट होते. 'पुन्हा काहीतरी धिंगाणा केला असेल' असं मनात म्हणत मी तो पाठवून दिला होता.

"चालतंय एवढं कळलं," शंतनू म्हणाला. "नावाचं काही बोलली नाहीस. आपलं नाव नको असेल तिला, असं वाटलं."

मला हसू आलं, तेही घाणेरडं. एकाच आईची दोन पोरं आम्ही, एकमेकांना न ऐकता बदाम वाटणारी.

"आता घाल," मी म्हणाले. "शब्द माझे, असं लिही. आणि काम कुणी केलं तेही लिही."

"आत्ता लिहितो. परवा एक मुलाखत आहे, तिथेही सांगतो. मलाही सुटल्यासारखं होईल, ताई. लोक पाया पडायला येतात तेव्हा मला पळून जावंसं वाटतं." त्याने लॅपटॉप ओढला. मग बोटं थांबवून म्हणाला, "पण तू सगळी ऐकलीस ना? आठवं?"

"तिसऱ्यावर थांबले."

"मग आधी आठवं ऐक. ते ऐकल्याशिवाय नाव देऊ नकोस."

त्याने मला खुर्चीत बसवून मोठे हेडफोन माझ्या कानांवर चढवले. पहिल्यांदा काहीच नव्हतं. मग आलं. टक्-टक्, जरा थांबून टक्.

माझे पाय आपोआप उठले. खरंच, खुर्चीतून मी अर्धी उठले, वर जायला. शंतनूने खांद्यावर हात ठेवून बसवलं.

सगळं गाणं त्या ठोक्यावर बांधलं होतं. ड्रम नाही, दुसरं काही नाही. पाटली, वर एक गिटार, आणि शंतनूचा आवाज हळूहळू चढत जाणारा. "ऐकू येतं मला, येत नाही मी. ऐकू येतं मला, येत नाही मी." शेवटी गिटार थांबते आणि तो ओरडत नाही, साध्या आवाजात म्हणतो, "मर ना गं आता एकदाची. मर." आणि ठोका बंद. अल्बम तिथे संपतो.

मी हेडफोन काढले. "हा ठोका कुठून आणलास?"

"तुझ्याच मेसेजमधून. तू जिन्यात बोलायचीस, मागे तो चालू असायचा. फोनवर कळत नाही, इथे उचलून घेतला. मूळ मेसेज ऐकवू?"

मी नको म्हणाले नाही. त्याने लावला. स्क्रीनवर तारीख होती, अकरा जानेवारी. दुपारचे तीन. माझा आवाज, मलाच ओळखू न येणारा, चिरका. मी सांगत होते की सकाळपासून चौथ्यांदा चादर बदललीय, दोन घास खाल्ले नाहीत तोवर हिचं परत सुरू, ऐकतोयस ना, ऐक, कशी आपटतेय. मी फोन दाराच्या दिशेने धरला असणार, कारण ठोका मोठा झाला. टक्-टक्, टक्. टक्-टक्, टक्. आणि मग मी ओरडले. फोनमध्ये नाही, वर, दाराकडे तोंड करून. "मर ना गं आता एकदाची! मर!"

टक्-टक्.

तिसरा ठोका आलाच नाही. पुढे दीड मिनिट नुसतं माझं रडणं, आणि मागे काहीच नाही. तिथे मेसेज संपला.

"हे मी रचलेलं नाही," शंतनू म्हणत होता. "तिथे तो आपोआप थांबतो. एवढा सुंदर शेवट मला सुचलाच नसता." तो 'सुंदर' म्हणाला. मग म्हणाला, "मला आणखी तुकडे हवे होते, म्हणून पुढचे सगळे मेसेज तपासले. आई मार्चमध्ये गेली ना? जानेवारीनंतर एकाही मेसेजमध्ये ठोका नाही. का गं?"

त्याला काहीच ठाऊक नव्हतं. त्याने विचारलं ते एखाद्या वाजवणाऱ्याने विचारावं तसं.

"हात गळाला होता तिचा," मी म्हणाले.

डॉक्टरांनाही मी हेच सांगितलं होतं. डॉक्टर "होतं असं" म्हणाले होते. त्यांनी हात तपासला नव्हता आणि मीही नाही. मग त्या दोन महिन्यांत दर दोन तासांनी तिची कूस बदलताना ती माझा दंड धरायची, घट्ट, नखं रुतेपर्यंत, तो कुठल्या हाताने?

तिला हात होता. पाटली होती. दांडी हाताशी होती. तिने मला बोलवणं बंद केलं होतं. तहान लागली तरी, ओलं झालं तरी. दोन महिने ती माझी दर दोन तासांची पाळी येईपर्यंत ओल्यात पडून राहिली, आणि जखम वाटीएवढी झाली ती त्याच दोन महिन्यांत. आणि मी जिन्यात बसून शंतनूला सांगत होते की आता जरा शांतता आहे, बरं वाटतंय.

माझ्या हातांना वास येतोय असं वाटलं. मी ते साडीला पुसले.

"लिहितो मग," शंतनू म्हणाला. त्याची बोटं लॅपटॉपवर होती. "शब्द, डॉक्टर हेमांगी पाटणकर. की नुसतं हेमांगी?"

"नको."

"काय नको?"

"नाव नको घालूस."

"अगं, पण आत्ताच तर..."

"दवाखाना आहे माझा. गाव लहान आहे. लोक नाही नाही ते बोलतील."

"आणि मला बोलले तर? शेवटचं वाक्य मीच म्हणालो असं समजतात सगळे."

"समजू देत."

त्याने मुकाट्याने लॅपटॉप मिटला. लहानपणी मी फोडलेल्या बरण्यांचा मार तो असाच खायचा. मला लाज वाटायला हवी होती, पण वाटली ती सुटका. आणि त्या सुटकेची जेवढी किळस आली, तेवढी आईच्या पाठीची कधी आली नव्हती. चहासुद्धा न घेता मी निघाले. गोधडी तशीच भिंतीवर राहिली. मागायचं धाडस झालं नाही.

शंतनूचा तो अल्बम अजून ऐकतात लोक. तो अजून खाली मान घालून कौतुक ऐकून घेतो. त्याने आजवर माझं नाव घेतलेलं नाही आणि मीही त्याला आईच्या हाताचं खरं काही सांगितलेलं नाही.

पुण्याहून परतल्यावर दुसऱ्या दिवशी दहाला दवाखाना उघडला. नसीमा आधीच येऊन अवजारं उकळायला ठेवून बसली होती.

"मॅडम, दादा भेटले? विचारलंत त्यांना?"

"काय विचारायचं होतं?"

"खरंच एवढं केलं का त्यांनी आजींचं?"

मी नळ सोडला. हात धुतले, परत धुतले.

"हो," मी म्हणाले. "सगळं त्यानेच केलं. चल, पहिला पेशंट आत घे."